गणितीय प्रतिमानन व वैज्ञानिक लेखन : पदवी स्तरावरील अध्यापन

प्रत्यक्ष परिस्थितीतील एखादा प्रश्न निवडक चले, त्यांच्यातील संबंध आणि उघडपणे मांडलेली गृहीतके यांच्या साहाय्याने गणिताच्या भाषेत उतरवणे, ते गणित सोडवणे आणि आलेले उत्तर मूळ परिस्थितीशी पुन्हा ताडून पाहणे, या प्रक्रियेस गणितीय प्रतिमानन म्हणतात. तिच्यातून तयार होणारी मांडणी म्हणजे प्रतिमान. वर्गात आणि प्रयोगशाळेत तिला सर्रास ‘मॉडेल’ म्हटले जाते. पदवीच्या विद्यार्थ्यांना हे कौशल्य वैज्ञानिक लेखनाच्या जोडीने शिकवण्याचा प्रघात अनेक विद्यापीठांत आहे आणि त्यामागील कारण सोयीचे नसून तत्त्वाचे आहे. पाठ्यपुस्तकातील उदाहरणाचे उत्तर पुस्तकाच्या शेवटी छापलेले असते. प्रतिमानाला तसे उत्तर नसते. ते कितपत स्वीकारावे हे वाचकाने ठरवायचे असते आणि त्यासाठी त्याच्या हाती लेखाखेरीज दुसरे काहीच नसते.

या दोन्ही कौशल्यांचे नाते दाखवण्यास डब्ल्यू. ओ. करमॅक आणि ए. जी. मॅकेंड्रिक यांचा १९२७ सालचा साथरोगांविषयीचा शोधनिबंध विशेष उपयुक्त ठरतो. लोकसंख्येचे रोगास बळी पडू शकणारे, रोगग्रस्त आणि साथीतून बाहेर पडलेले (बरे झालेले किंवा मृत) असे तीन गट कल्पून साथीचा चढउतार समीकरणांत बांधणारे प्रतिमान या निबंधामुळे रूढ झाले. त्यातील आलेखात मुंबई बेटावरील १९०५-०६ च्या प्लेगमधील आठवडेवार मृत्यू आणि सूत्रातून निघणारी घंटाकृती वक्ररेषा एकमेकांशी चांगल्या जुळलेल्या दिसतात. विद्यार्थी सहसा इथेच थांबतात. लेखक मात्र थांबले नाहीत. माणसांतील प्लेग हे उंदरांतील प्लेगचे प्रतिबिंब मानले आहे, सर्व उंदरांना संसर्गाचा धोका सारखाच धरला आहे, संसर्गाचे आणि मृत्यूचे दर प्रत्येक उंदराच्या आजारपणभर स्थिर कल्पिले आहेत, रोग पसरवणाऱ्या पिसवांची संख्या भरपूर असल्याचे गृहीत आहे, अशी आपली गृहीतके त्यांनी एकेक करून लिहिली. शिवाय यांपैकी कोणतेही काटेकोरपणे खरे नसल्याने सूत्र अगदी ढोबळ समजावे, असेही स्पष्ट सांगितले. प्लेगला ऋतुमानाप्रमाणे चढउतार असतो, त्यामुळे स्थिर दरांचे गृहीतक या साथीला लागू पडत नाही, ही टीका पुढे झाली. ती नेमकेपणाने करता आली, कारण ते गृहीतक छापील स्वरूपात समोर होते. वक्ररेषा जुळली म्हणजे कारणमीमांसा बरोबर ठरली असे नव्हे, हा धडा देण्यास याहून चांगले उदाहरण सापडणे अवघड आहे.

लोकसंख्यावाढीचे प्रतिमान हा बहुतेक अभ्यासक्रमांतील ठरलेला पाठ आहे. पिएर फ्रांस्वा व्हेरहुल्स्ट यांनी १८३८ मध्ये मांडलेल्या समीकरणात वाढीचा वेग लोकसंख्या मर्यादेजवळ पोहोचताच मंदावतो. पुढे या वक्राला ‘लॉजिस्टिक’ हे नाव मिळाले. रेमंड पर्ल आणि लोवेल रीड यांनी १९२० मध्ये हेच समीकरण स्वतंत्रपणे शोधून अमेरिकेच्या जनगणनेला लावले, तेव्हा त्या देशाच्या लोकसंख्येची कमाल मर्यादा सुमारे १९ कोटी ७० लाख निघाली. १९६७ मध्ये ती लोकसंख्या २० कोटींच्या पुढे गेली. विद्यार्थ्यांना १९१० पर्यंतचेच आकडे देऊन मर्यादा काढायला लावावी आणि नंतर पुढचे आकडे दाखवावेत, ही वर्गातली युक्ती साधी असली तरी परिणामकारक आहे. मात्र तिचा लाभ आकडे दाखवण्यापूर्वी विद्यार्थ्याने आपला अंदाज आणि त्यामागील गृहीतके कागदावर लिहिली असतील तरच होतो. अन्यथा प्रत्येकाला आपल्याला हे आधीच ठाऊक होते असे वाटू लागते.

लहान प्रयोगांतूनही हेच साधते. समजा, ९० अंश सेल्सिअस तापमानाचे पाणी २५ अंशांच्या खोलीत उघड्या भांड्यात ठेवले आणि १० मिनिटांनी ते ७० अंशांवर आले. निवण्याचा वेग पाणी आणि खोली यांच्या तापमानांतील फरकाच्या प्रमाणात असतो, हा न्यूटनचा नियम धरला, तर ६५ अंशांचा फरक १० मिनिटांत ४५ वर आला, म्हणजे दर १० मिनिटांनी तो सुमारे ०.६९ पट होतो. त्यावरून ४० मिनिटांनी तापमान ४० अंश असायला हवे. तापमापी ४४ दाखवतो. पहिल्या मसुद्यात बहुधा ‘प्रायोगिक त्रुटी वगळता प्रतिमान समाधानकारक आहे’ असे वाक्य येते. शिक्षकाने समासात ‘कोणती त्रुटी, कोणत्या दिशेने?’ एवढेच लिहिले, तरी विद्यार्थ्याला नोंदींकडे परत जावे लागते आणि मोजलेले तापमान एकदा वर, एकदा खाली असे न राहता अंदाजाच्या सतत वरच राहते, हे त्याच्या ध्यानात येते. पाणी फार तापलेले असताना बाष्पीभवनाने जादा उष्णता जाते, म्हणून सुरुवातीच्या १० मिनिटांवरून काढलेला दर पुढच्या काळासाठी वाजवीपेक्षा मोठा ठरतो. भांड्यावर झाकण ठेवून प्रयोग पुन्हा केला की हे स्पष्टीकरण तपासता येते. सुधारित मसुद्यातील वाक्य मग असे होते : ‘पहिल्या १० मिनिटांच्या नोंदींवर बेतलेले प्रतिमान ४० व्या मिनिटाचे तापमान ४ अंशांनी कमी सांगते, बाष्पीभवन हे त्याचे संभाव्य कारण आहे.’ या दोन वाक्यांमधील अंतर भाषेच्या सफाईचे नाही. पहिले वाक्य लिहिणाऱ्याने आपले प्रतिमान अजून तपासलेलेच नव्हते.

अध्यापनाची प्रचलित रीत अशी की, तीन-चार विद्यार्थ्यांच्या गटाला मुद्दाम अपुरी माहिती असलेला प्रश्न दिला जातो. कोणत्या गोष्टी धरायच्या आणि कोणत्या सोडायच्या हे गटाने ठरवावे, ही अपेक्षा असते. समीकरणाच्या दोन्ही बाजूंची एकके जुळतात की नाही ही प्राथमिक तपासणी झाल्यावर, प्राचले (समीकरणातील दरांसारख्या ठरवून घेतलेल्या किमती) थोडी बदलून निष्कर्ष कितपत हलतो ते पाहिले जाते. हा दुसरा टप्पा वेळेअभावी हमखास गळतो, आणि त्याच्याशिवाय केलेले भाकीत वाचण्यात फारसा अर्थ नसतो. अमेरिकेतील ‘कन्सॉर्शियम फॉर मॅथेमॅटिक्स अँड इट्स ॲप्लिकेशन्स’ ही संस्था १९८५ पासून घेत असलेल्या पदवीपूर्व विद्यार्थ्यांच्या आंतरराष्ट्रीय प्रतिमानन स्पर्धेने या पद्धतीला मोठी चालना दिली. जास्तीत जास्त तिघांच्या संघाने साधारण चार दिवसांत एका खुल्या प्रश्नावर पूर्ण अहवाल लिहायचा असतो. त्याच्या आरंभीच्या एकपानी सारांशाला परीक्षक फार महत्त्व देतात. उत्तम गणित केलेला संघ सारांशात केवळ ‘आम्ही एक प्रतिमान तयार केले’ एवढेच सांगून मागे पडू शकतो. सारांशात निष्कर्ष आकड्यांसह यावा लागतो.

लेखनाच्या बाजूने प्रस्तावना, पद्धती, निष्पत्ती आणि चर्चा हा विज्ञानविषयक नियतकालिकांत विसाव्या शतकात स्थिरावलेला चौकटबंद क्रम विद्यार्थ्यांना शिकवला जातो. प्रतिमानविषयक लेखात पद्धतीची जागा गृहीतके आणि समीकरणे घेतात, त्यामुळे हा क्रम थोडा लवचीक ठेवावा लागतो. प्रत्येक चिन्हाचा अर्थ व एकक त्याच्या पहिल्या वापराच्या वेळी सांगणे, समीकरण हा वाक्याचाच भाग समजून विरामचिन्हे देणे, वाक्याची सुरुवात चिन्हाने न करणे, आलेखाच्या अक्षांवर राशीचे नाव व एकक घालणे, हे संकेत सरावानेच अंगवळणी पडतात. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नुथ यांनी १९८७ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात गणितीय लेखनावर स्वतंत्र अभ्यासक्रमच चालवला होता आणि त्यात अशा बारीकसारीक बाबींवर तासच्या तास चर्चा होत असे. क्नुथ यांच्याच ‘टेक’ या अक्षरजुळणी प्रणालीवर लेस्ली लॅम्पोर्ट यांनी उभारलेली ‘लाटेक’ ही प्रणाली आज अशा लेखनाचे नेहमीचे साधन आहे. अर्थात तिच्यातून बाहेर पडणारे पान इतके देखणे असते की अर्धवट विचारही पूर्ण झाल्यासारखा भासतो. म्हणून काही शिक्षक पहिला मसुदा हस्तलिखितच मागतात.

मूल्यमापन ही या अध्यापनातील सर्वांत अवघड बाब आहे. एकाच प्रश्नाची दोन वेगळी प्रतिमाने सारखीच ग्राह्य असू शकतात, त्यामुळे गुण अंतिम आकड्याला न देता गृहीतकांचे समर्थन, पडताळणी, मर्यादांची कबुली आणि मांडणी यांना विभागून दिले जातात. मर्यादांचा परिच्छेद मात्र विद्यार्थी लवकरच साच्यातून काढू लागतात : ‘हे प्रतिमान सर्व घटक विचारात घेत नाही’ हे कोणत्याही प्रतिमानाबद्दल खरे असलेले वाक्य प्रत्येक अहवालाच्या शेवटी दिसू लागते. त्यावर उपाय म्हणून कोणता घटक सोडला, तो धरला असता तर उत्तर कोणत्या बाजूला सरकले असते आणि अंदाजे किती, हे लिहिण्याची सक्ती केली जाते. गटकार्यात एकाने समीकरणे सोडवायची, दुसऱ्याने आज्ञावली लिहायची आणि तिसऱ्याने ‘लिहून काढायचे’ अशी वाटणी आपोआप होते. तिसऱ्याला प्रतिमान समजलेले नसते आणि ते लेखात दिसते. मसुद्यांची अदलाबदल करून एका गटाने दुसऱ्याच्या लेखावरून तेच आकडे पुन्हा काढून दाखवावेत, या कसोटीला उतरणारे अहवाल पहिल्या फेरीत थोडेच असतात. बहुतेक वेळा अडते ते एखाद्या प्राचलाची किंमत किंवा त्याचे एकक लेखात नसल्यामुळे.