केसांना तेल लावणे (बेळगाव सीमाभाग)

केसांना तेल लावणे : कोरड्या, लांब केसांची निगा राखण्यासाठी न्हाण्याआधी खोबरेल, तीळ, करडई, एरंडेल अशी तेले लावण्याची घरगुती रीत. ही नोंद कर्नाटकाच्या बेळगाव जिल्ह्यातील खानापूर, बेळगाव, निपाणी, चिकोडी, अथणी या पट्ट्यातल्या मराठी घरांपुरती आहे. १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचे सरकारी नाव बेळगावी झाले, पण मराठी घरात ते बेळगावच राहिले. तेलांची नावेही अशीच दोन-दोन आहेत. घरात खोबरेल, दुकानात ‘कोब्बरी एण्णे’. घरात एरंडेल, दुकानात ‘हरळेण्णे’. करडईचे तेल मागायचे तर ‘कुसुबी एण्णे’ म्हटले की दुकानदाराला पटकन कळते. घाण्याला कन्नडात ‘गाण’ म्हणतात, तिथे भाषांतराची गरजच पडत नाही.

लांब केस कोरडे का पडतात, हे कळले की तेल कुठे लावायचे तेही कळते. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. कमरेपर्यंत पोचलेला शेपटा साठ-सत्तर सेंटिमीटरचा धरला, तर त्याचे शेंडे पाच-सहा वर्षांचे असतात. तेवढ्या काळात त्यांनी ऊन, वारा, फणी, रिबिनी आणि शेकडो न्हाणी सोसलेली असतात. केसाच्या पृष्ठभागावर कौलांसारखे एकावर एक बसलेले खवले असतात, ते शेंड्याकडे झिजून उघडे पडलेले असतात. टाळूतून पाझरणारा स्निग्धांश मुळांशीच राहतो, शेंड्यापर्यंत पोचत नाही. म्हणूनच एकाच बाईचे डोके तेलकट आणि वेणीचे टोक केरसुणीसारखे असू शकते. आपल्याकडे मात्र तेल ओतले जाते ते टाळूवर, चांगले थापून, आणि शेंड्यांना मिळतो तो हाताला उरलेला ओशटपणा. ही उलटी वाटणी आहे.

तेलांमध्ये खोबरेलाचा मान वेगळा, आणि तो नुसता सवयीचा नाही. त्यात लॉरिक आम्ल निम्म्याच्या आसपास असते. त्याचा रेणू लहान आणि सरळ असल्यामुळे तो केसाच्या आत शिरतो आणि तिथल्या प्रथिनाला धरून राहतो. २००३ मध्ये रेले आणि मोहिले या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफूल तेल आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली. धुताना-विंचरताना केसातून निघून जाणारे प्रथिन खोबरेलाने स्पष्टपणे कमी केले, बाकी दोघांना ते जमले नाही. संशोधक खोबरेल विकणाऱ्या कंपनीतलेच होते, हे ध्यानात ठेवून हा निष्कर्ष वाचावा. तरी त्यामागचे रसायन पटण्यासारखे आहे. करडईच्या तेलात लिनोलेइक आम्लाचा भरणा असतो. ते आत फारसे शिरत नाही, वरून पातळ थर देते आणि केस एकमेकांवर घासण्याचे कमी करते. तिळाचे तेल या दोहोंच्या मधले. ते लवकर खवट होत नाही, म्हणून जास्वंद, माका, ब्राह्मी घालून उकळलेल्या तेलांना घरोघरी तेच किंवा खोबरेल वापरतात. बाटलीवर बदाम असले तरी मागच्या बाजूची बारीक अक्षरे वाचावीत; पुष्कळदा पहिले नाव लिक्विड पॅराफिनचे, म्हणजे खनिज तेलाचे असते. ते विष नव्हे, केसाला चमकही देते, पण वरच्यावरच राहते.

जिल्हा एक असला तरी केसांचे हवामान दोन प्रकारचे आहे. मलप्रभेचे उगमस्थान असलेले कणकुंबी, जांबोटी हा खानापूरचा पश्चिम भाग घाटमाथ्याचा. तिथे पावसाळ्यात न्हालेले केस दिवसभर सुकत नाहीत, आणि ओलसर केसांवर तेल चोपडून वेणी घातली की कुबट वास धरतो. अशा दिवसांत तेल कमी आणि न्हाण्याआधीच लावलेले बरे. पूर्वेला अथणी-रायबागकडे काळी रानं, कोरडा वारा आणि बोअरचे जड पाणी. जड पाण्यात साबणाचा चोथा होतो, तो केसांवर बसतो आणि केस आणखी रखरखीत लागतात. निपाणीच्या तंबाखूच्या वखारींत काम करणाऱ्या बायकांचा प्रश्न आणखी वेगळा. तेल लावलेल्या केसांवर तंबाखूची धूळ चिकटून बसते, म्हणून डोक्याला फडके बांधायचे आणि तेल सुटीच्या आदल्या रात्री लावायचे, हे सोयीचे.

बेळगाव शहर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंचीवर आहे. खोबरेल चोवीस अंश सेल्सिअसच्या आसपास गोठते, त्यामुळे थंडीत सकाळी बाटली उलटी केली तरी थेंब पडत नाही. मग ती उन्हात ठेवतात नाहीतर बंबाशेजारी. गोठलेले तेल म्हणजे शुद्ध तेल, असे समजणारेही आहेत. गोठण्यावरून तेवढे ठरत नाही.

लावण्याची पद्धत अशी. तेलाची वाटी गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून कोमट करावी, थेट चुलीवर धरू नये. केस आधी हाताने मोकळे करून दोन भाग करावेत. बोटांवर थोडे तेल घेऊन शेंड्यापासून सुरुवात करावी, मग मधला भाग आणि उरलेले टाळूला. कमरेएवढ्या केसांना दोन-तीन चहाचे चमचे पुरतात. या नोंदीच्या लेखकाच्या घरी आजी पाटावर बसून नातीला पुढ्यात ओढायची, ‘केस तुटूलेत गं तुझे, बस इकडं’ म्हणायची आणि अर्धी वाटी डोक्यावर रिचवायची. प्रेम वाटीच्या मापाचे होते, तेलाचे माप चुकायचे. कपाळावर पुटकुळ्या यायच्या आणि उशीचे अभ्रे पिवळे पडायचे. मात्र एक गोष्ट ती बरोबर करायची. तेल नेहमी न्हाण्याच्या आदल्या रात्री किंवा दोन तास आधी. पाण्याने केस फुगतो, सुकताना आकसतो, आणि हे वारंवार झाले की तो कमकुवत होतो. आधी मुरलेले खोबरेल हे फुगणे कमी करते. न्हाऊन झाल्यावर चापूनचोपून लावलेल्या तेलाला हे काम करायची संधीच मिळत नाही.

तेल काढायला शिकेकाई, कन्नडात ‘शीगेकाई’. शेंगा आणि थोडा रिठा रात्री भिजत घालून सकाळी उकळायचे, कुस्करायचे, गाळायचे. फेस बेताचाच येतो. जड पाण्यातही तिचा चोथा होत नाही, हा साबणापेक्षा मोठा फायदा. डोळ्यांत गेली की आग होते, आणि नीट गाळली नाही तर केसांतून चुरा वेचत बसावे लागते. आता बहुतेक घरांत शॅम्पूच आहे, आणि त्याला नाक मुरडण्याचे कारण नाही. तेल निघेल इतकाच घ्यावा आणि तो टाळूला लावावा, शेंड्यांवर घासू नये.

वर्षातून एकदा ही रीत सगळ्या घराची होते. आश्विन वद्य त्रयोदशीच्या संध्याकाळी हंडा घासून, त्याला सुतवून पाणी भरायचे. शेजारच्या कन्नड घरांत त्याला ‘नीरु तुंबुव हब्ब’ म्हणतात. नरक चतुर्दशीला पहाटे आई सगळ्यांच्या डोक्याला तेल घालते, उटणे लावते, ओवाळते. एरवी तेलाच्या वाटीपासून पळणारे बाप्येही त्या दिवशी मुकाट पाटावर बसतात.

तेलाने केस वाढतात, हा समज काही जात नाही. केस वाढतो मुळातून, अन्नातून आणि प्रकृतीतून. तेलाने शेंडे कमी तुटतात, त्यामुळे लांबी टिकते आणि वाढल्यासारखी वाटते. कोंड्याला तेल हे औषधही उलटे पडते. कोंड्याशी संबंधित असलेली मॅलॅसेझिया ही बुरशी स्निग्धांशावरच जगते. डोक्यात पांढरे पापुद्रे दिसू लागले की टाळूचे तेल थांबवून डॉक्टरला दाखवावे. शेंड्यांना लावायला हरकत नाही.

एरंडेल एकटे वापरू नये. त्यातल्या रिसिनोलेइक आम्लामुळे ते मधासारखे दाट असते, म्हणून खोबरेलात थोडेच मिसळावे. २०१७ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात वीस वर्षांच्या भारतीय तरुणीची नोंद आली. खोबरेल आणि एरंडेल लावून न्हाल्यावर तिचे लांब केस एकाएकी घरट्यासारखे गोळा झाले, लोकरीचा नमदा जमावा तसे, आणि शेवटी कापावे लागले. असे क्वचितच घडते, पण या जिल्ह्यात अशा गोळ्याकडे नुसते केस म्हणून पाहिले जात नाही. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या भक्तांत न विंचरलेल्या केसांत बसलेली गुंत म्हणजे देवीने दिलेली जट. एकदा तसे ठरले की फणी बंद, तेल बंद, वरून भंडारा. आणि गुंत वाढतच जाते. जटेला खूण मानून मुली देवीला सोडल्या गेल्या. कर्नाटकाने अशा समर्पणावर १९८२ च्या कायद्याने बंदी घातली. ताजी गुंत असेल तर खोबरेल भरपूर मुरवून, शेंड्याकडून एकेक बट बोटांनी सोडवत दोन-तीन दिवसांत मोकळी होऊ शकते. वर्षानुवर्षांची जट मात्र कात्रीशिवाय निघत नाही.