दारू घरी बंद करून मग रुग्णाला आणू नका

आमच्या व्यसनमुक्ती केंद्रात नातेवाइकांच्या फोनवर एक वाक्य आम्हाला सारखं ऐकू येतं: "दोन दिवस खोलीत कोंडून पिणं बंद केलंय, आता घेऊन येतो." त्यामागची तळमळ कळते. तरीही हात जोडून सांगतो, असं करू नका.

वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याचं शरीर दारूला सरावलेलं असतं. ती एकदम तुटली की साधारण ६ ते २४ तासांत हात थरथरतात, घाम सुटतो, उलट्या होतात, झोप उडते. पहिल्या ४८ तासांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भ्रम होतो. नसलेले किडे दिसतात, घरची माणसं ओळखू येत नाहीत, ताप चढतो. घरच्यांना हे नाटक वाटतं, पण यात जीव जाऊ शकतो. अशा रुग्णाला आम्ही दाखल करून घेत नाही, आधी आयसीयू असलेल्या रुग्णालयात पाठवतो. म्हणजे ज्या उपचारासाठी तुम्ही आलात, तोच लांबतो. म्हणून बंद करण्याआधी फोन करा. आधीच बंद झाली असेल आणि फिट किंवा भ्रम दिसला, तर आमच्याकडे न येता थेट तातडीच्या विभागात जा.

फोनवर आम्ही बरंच विचारतो: शेवटची कधी घेतली, रोज किती, पूर्वी फिट आली होती का, झोपेच्या गोळ्या चालू आहेत का. लाजेपोटी कमी करून सांगू नका. औषधाचा डोस याच उत्तरांवर ठरतो. थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, आम्ही सुरुवातीलाच देतो; त्याच्या कमतरतेने मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

"चहात मिसळता येईल अशी गोळी द्या," ही मागणीही नेहमीची. ही गोळी म्हणजे डायसल्फिराम. ती घेतलेल्या माणसाने दारू प्यायली की चेहरा लाल होतो, उलट्या होतात, रक्तदाब धोकादायक उतरू शकतो. ती गोळी त्याला सांगून, त्याच्या संमतीनेच द्यायची असते. चोरून आम्ही देत नाही, मग तुम्ही नाराज झालात तरी चालेल. ओढ कमी करणारी नाल्ट्रेक्सोनसारखी दुसरी औषधं आहेत, ती तपासणीनंतर ठरतात.

ब्राउन शुगर (भेसळीचं हेरॉइन) किंवा अफूचं गणित वेगळं. तिथे मोठा धोका सोडल्यानंतर असतो. शरीराची सवय गेलेली असते आणि माणूस जुनाच डोस घेतो. श्वास थांबून मृत्यू होतो. म्हणून अनेकांना ब्युप्रेनॉर्फिन, म्हणजे अफूच्याच गटातलं पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली घ्यायचं औषध, दीर्घकाळ द्यावं लागतं. "एक नशा सोडवून दुसरी लावली," असं घरचे म्हणतात. तसं नाही. ठरलेल्या डोसवर माणूस कामावर जातो, घरात नीट वागतो, आणि असे मृत्यू कमी होतात. गांजासाठी मात्र असं खात्रीचं औषध नाही, तिथे समुपदेशनावरच भर.

दाखल व्हावंच लागतं असंही नाही. त्रास सौम्य असेल, घरी लक्ष द्यायला कुणी असेल, तर ओपीडीतूनही उपचार होतात. दारूचं डिटॉक्स (दारू तुटतानाचा त्रास औषधांनी सांभाळणं) बहुतेकांचं आठवडाभरात उरकतं, पण ओढ तेवढ्यात जात नाही. त्यामुळे आमचं खरं काम डिस्चार्जनंतर सुरू होतं, आणि पुढच्या भेटींचा आग्रह आम्ही त्यासाठीच धरतो.

रुग्ण यायला तयार नसेल तर पहिल्या भेटीला तुम्ही एकटे या. त्याच्याशी घरी कसं बोलायचं, तिथूनच सुरुवात करू. येताना त्याच्या चालू गोळ्यांच्या सगळ्या पट्ट्या तेवढ्या आणा.