हृद्-फुप्फुस पुनरुज्जीवन (सीपीआर)

हृदयक्रिया अचानक बंद पडलेल्या व्यक्तीच्या छातीवर लयीत दाब देऊन, आणि जमत असल्यास तोंडाने श्वास देऊन, मेंदूचा व हृदयाचा रक्तपुरवठा वैद्यकीय मदत येईपर्यंत काही अंशी चालू ठेवण्याच्या प्रथमोपचाराला हृद्-फुप्फुस पुनरुज्जीवन किंवा सीपीआर म्हणतात. हृदयविकाराचा झटका आणि हृदयक्रिया बंद पडणे या दोन वेगळ्या अवस्था आहेत. झटका आलेला माणूस बहुधा शुद्धीवर असतो, बोलतो व श्वास घेतो. अशा माणसाला सीपीआर देत नाहीत. मात्र झटक्यामुळे हृदयक्रिया बंद पडू शकते.

तोंडाने श्वास देण्याची पद्धत १९५० च्या दशकात जेम्स एलम व पीटर साफर यांच्या प्रयोगांतून सिद्ध झाली. विजेच्या धक्क्याने कुत्र्याचे हृदय पूर्ववत करण्याचे प्रयोग जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात चालू असताना, उपकरणाची जड टोके छातीवर दाबताच रक्तदाब थोडा चढतो, हे गाय निकरबॉकर यांच्या लक्षात आले. त्यातून छाती न उघडता बाहेरून दाब देण्याचे तंत्र आकाराला आले आणि १९६० मध्ये विल्यम कौवेनहोव्हन, जेम्स ज्यूड व निकरबॉकर यांनी ते प्रसिद्ध केले.

कोसळलेली व्यक्ती खांदे हलवून मोठ्याने हाक मारली तरी प्रतिसाद देत नसेल आणि नेहमीसारखा श्वास घेत नसेल, तर हृदयक्रिया बंद पडली आहे असेच धरून चालावे. येथे एक गफलत वारंवार होते व ती जिवावर बेतते. हृदय थांबल्यावरही पहिली काही मिनिटे माणूस अधूनमधून आचके देतो; घोरल्यासारखा आवाज येतो, जबडा हलतो, आणि भोवतालचे लोक ‘श्वास चालू आहे’ म्हणून थांबून राहतात. हे आचके म्हणजे श्वसन नव्हे. श्वास पाहण्यात दहा सेकंदांपेक्षा अधिक वेळ घालवू नये. शेजारच्या एकाला रुग्णवाहिका बोलवायला व दुसऱ्याला एईडी हे विजेचा धक्का देणारे स्वयंचलित उपकरण आणायला सांगावे; एकटे असल्यास फोन लावून स्पीकरवर ठेवावा आणि हात मोकळे करावेत.

रुग्णाला कठीण सपाट पृष्ठभागावर उताणे निजवावे, कारण गादीवर दिलेला दाब छातीऐवजी गादीतच जिरतो. छातीशेजारी गुडघे टेकून एका तळहाताचा मनगटालगतचा भाग छातीच्या मधोमध, उरोस्थीच्या, म्हणजे छातीच्या मधल्या उभ्या हाडाच्या, खालच्या अर्ध्या भागावर ठेवावा, दुसरा हात त्यावर ठेवून बोटे गुंफावीत आणि ती बरगड्यांवर टेकू देऊ नयेत. कोपरे ताठ व खांदे हातांच्या बरोबर वर असले, की दाब दंडाच्या बळाने नव्हे तर शरीराच्या वजनाने पडतो. प्रौढाची छाती प्रत्येक वेळी ५ ते ६ सेंटिमीटर खाली गेली पाहिजे आणि वेग मिनिटाला १०० ते १२० दाब इतका असला पाहिजे. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यावी, कारण हृदयात रक्त भरते ते त्याच क्षणी. छातीवर रेलून राहिल्यास ते भरतच नाही.

दाब थांबवू नये यावर एवढा भर देण्याचे कारण साधे आहे. हृदयाच्या स्वतःच्या रोहिण्यांत रक्त ढकलण्याइतका दाब एका दणक्यात तयार होत नाही. तो एकामागून एक दाबांनी चढतो आणि हात थांबताच झपाट्याने उतरतो. नीट दिलेल्या दाबांनीही नेहमीच्या रक्तप्रवाहाचा जेमतेम चौथा ते तिसरा हिस्साच मिळतो. थकवा जाणवण्याआधीच दाबाची खोली कमी होते, म्हणून दुसरा माणूस असल्यास दर दोन मिनिटांनी अदलाबदल करावी. बरगडी मोडल्याचा आवाज आला तर हाताची जागा तपासावी, पण दाब चालूच ठेवावा. मोडलेली बरगडी जुळते.

सीपीआर शिकलेल्या व्यक्तीने ३० दाबांनंतर मान मागे करून, हनुवटी उचलून, नाक चिमटीत धरून, छाती उचललेली दिसेल असे दोन श्वास द्यावेत. न शिकलेल्याने नुसते दाब दिले तरी चालते. बुडालेल्यांच्या व मुलांच्या बाबतीत मात्र मूळ कारण बहुधा प्राणवायूचा अभाव हे असते, म्हणून तेथे श्वासांना विशेष महत्त्व आहे. मुलांची छाती तिच्या जाडीच्या एक-तृतीयांश इतकी, म्हणजे तान्ह्या बाळांत सुमारे ४ व मोठ्या मुलांत सुमारे ५ सेंटिमीटर दाबतात. बाळाची छाती दोन्ही हातांनी वेढून दोन अंगठ्यांनी दाबता येते.

एईडी येताच ते सुरू करून त्याच्या सूचना पाळाव्यात. छाती पुसून कोरडी करावी, एक पॅड उजव्या गळपट्टीच्या हाडाखाली व दुसरे डाव्या काखेखाली चिकटवावे. धक्का देताना कोणीही रुग्णाला स्पर्श करू नये, आणि धक्क्यानंतर नाडी शोधत न बसता लगेच दाब सुरू करावेत. रुग्ण हालचाल करून नेहमीसारखा श्वास घेऊ लागला किंवा वैद्यकीय पथकाने सूत्रे हाती घेतली, तरच थांबावे. श्वास परतल्यास त्याला कुशीवर वळवावे आणि पॅड छातीवर तसेच राहू द्यावेत, कारण पहिल्या काही मिनिटांत हृदयक्रिया पुन्हा बंद पडू शकते.