४:३ चे चित्र १६:९ च्या चौकटीत बसवताना

जुन्या मिनीडीव्ही किंवा व्हीएचएस टेपवरचे चित्रीकरण बहुधा ४:३ प्रमाणातले असते, तर आजच्या संपादन सॉफ्टवेअरमधली टाइमलाइन (क्लिप मांडायची पट्टी) १६:९ ची. रुंदी कायम ठेवून चौकट पूर्ण भरायची, तर उंचीतला पाव भाग सोडावाच लागतो. पाल या भारतातल्या जुन्या टीव्ही पद्धतीच्या ५७६ ओळींपैकी ४३२ उरतात आणि त्याच १०८० पर्यंत, म्हणजे अडीच पट, ताणल्या जातात. त्यामुळे चित्र वर-खाली कापले जाते, शिवाय मऊही दिसते.

न कापता नुसते आडवे ताणणे हा सर्वांत वाईट उपाय. रुंदी ३३ टक्क्यांनी वाढते, चेहरे फुगतात आणि चाके लंबगोल होतात.

क्रॉप, म्हणजे ही काटछाट, करण्याआधी दोन कामे उरकायची असतात. पहिले डीइंटरलेसिंग, म्हणजे एकमेकींत गुंफलेल्या ओळी सुट्या करणे. या टेपवरची प्रत्येक फ्रेम सम आणि विषम ओळींच्या दोन फील्डची बनलेली असते आणि पालमध्ये त्या दोन्हींत १/५० सेकंदाचे अंतर असते. तशीच फ्रेम मोठी केली, तर वेगवेगळ्या क्षणांच्या ओळी एकमेकींत मिसळतात. हलत्या हाताच्या कडेला दातेरी रेघा उमटतात आणि नंतर कोणताही फिल्टर त्या नीट पुसू शकत नाही. म्हणून आधी यादिफ किंवा त्याहून सरस बीडब्ल्यूडीआयएफ फिल्टर लावून प्रत्येक फील्डची स्वतंत्र फ्रेम करावी, म्हणजे सेकंदाला २५ ऐवजी ५० फ्रेम मिळतात आणि हालचाल मूळइतकीच सलग राहते. डीव्हीमध्ये खालचे फील्ड आधी येते. क्रम उलटा दिला, तर हलणारी वस्तू पुढे-मागे थरथरते. हा दोष थांबलेल्या फ्रेममध्ये कळत नाही, क्लिप चालवूनच पाहावी.

दुसरे काम पिक्सेलच्या आकाराचे. ७२०×५७६ ची फाइल गणिताने ५:४ भरते, कारण तिचे पिक्सेल चौरस नसतात. ते १२/११ पट रुंद धरायचे असतात. दोन्ही बाजूंचे ८-८ पिक्सेल काढले की ७०४ उरतात आणि ७०४ × १२/११ म्हणजे नेमके ७६८. ७६८×५७६ हेच खरे ४:३. (एनटीएससी या अमेरिका-जपानच्या जुन्या टीव्ही पद्धतीत हेच प्रमाण १०/११ आणि आकार ६४०×४८०.) क्लिपच्या गुणधर्मांत ‘चौरस पिक्सेल’ अशी चुकीची नोंद असेल, तर माणसे किंचित बारीक दिसतात. फरक थोडा असल्याने तो सहज नजरेतून सुटतो.

आता क्रॉप. १९२०×१०८० च्या टाइमलाइनवर चित्र १९२०×१४४० होते आणि ३६० ओळी बाहेर राहतात. सॉफ्टवेअर त्या वरून १८०, खालून १८० अशा कापते आणि बोलणाऱ्या माणसाचे कपाळ उडते. अशा शॉटमध्ये चित्र खाली सरकवून डोळे चौकटीच्या वरच्या तिसऱ्या भागाशी आणावेत; कात्री छातीकडे लागली तरी चालते. व्हीएचएसमध्ये तळाशी टेप वाचणारे हेड बदलताना उमटणारा फाटका पट्टाही त्यातच निघून जातो. ही जागा शॉटगणिक ठरवावी. एकाच शॉटमध्ये कोणी उठून उभे राहिले, तरच की-फ्रेम (चित्राची जागा ठरावीक क्षणी बदलणाऱ्या खुणा) लावाव्यात. सारखे वर-खाली सरकणारे चित्र पाहणाऱ्याला लगेच जाणवते.

तळाला नावाची पट्टी किंवा उपशीर्षके कोरलेली असतील, तर क्रॉपचा नाद सोडावा. १४:९ हा मधला मार्ग बीबीसीने ४:३ कडून १६:९ कडे जाण्याच्या संक्रमणकाळात वापरला होता: उंचीतला सातवा भाग कापायचा, चित्राची रुंदी १६८० ठेवायची आणि दोन्ही बाजूंना १२० पिक्सेलचे काळे पट्टे सोडायचे. काहीच कापायचे नसेल, तर १४४०×१०८० चे चित्र आणि बाजूंना २४०-२४० पिक्सेल. ही जागा त्याच चित्राच्या धूसर प्रतीने भरण्याची पद्धत आहे, पण मागची हालचाल लक्ष खेचते. अभिलेख म्हणून ठेवायच्या चित्रीकरणाला साधे काळे पट्टेच बरे.

रंगांचेही पाहावे लागते. जुने चित्रीकरण बीटी.६०१ या रंगमानकाचे, एचडी बीटी.७०९ चे. रूपांतर न करता फाइलवरची मानकाची नुसती खूणपट्टी बदलली, तर त्वचेचा आणि गवताचा रंग सरकतो. शंका आली, तर मूळ क्लिप आणि एक्सपोर्ट केलेली फाइल शेजारी ठेवून लाल व हिरव्या वस्तू ताडून पाहाव्यात.