ऐझॉलचे सहा गुण

३० एप्रिल २०१७, रविवारची संध्याकाळ. शिलाँगच्या मैदानात ऐझॉल एफसीला फक्त एक गुण हवा होता आणि नवव्याच मिनिटाला शिलाँग लाजाँगच्या दिपांडाने गोल ठोकला. त्याच वेळी तिकडे कोलकात्यात विजेतेपदाच्या शर्यतीतल्या मोहन बागानचा सामना चालू. मी मुंबईत टीव्हीसमोर बसलेलो, चहावर साय धरलेली, आणि फोनवर मित्राचा मेसेज : ‘आटोपलं रे तुझं ऐझॉल.’ ६७व्या मिनिटाला विल्यम लालनुनफेलाने बरोबरी केली. पुढे गोल झाला नाही. १-१. आदल्या मोसमात खालच्या वर्गात ढकलला गेलेला मिझोरमचा क्लब आय-लीगचा, म्हणजे देशातल्या क्लबांच्या राष्ट्रीय फुटबॉल लीगचा, विजेता झाला.

दुसऱ्या दिवशी मित्र म्हणाला, चमत्कार. वर्तमानपत्रंही तेच म्हणाली. मला या शब्दाचा राग येतो. चमत्कार म्हटलं की हिशेब करायची कटकट मिटते, आणि इथे तर हिशेबच मजेदार आहे.

मुंबईच्या माणसाने ऐझॉलमागे का लागावं, हा प्रश्न मला घरचेही विचारतात. त्यांचा प्रशिक्षक खालिद जमील हा आमचा कूपरेजवरचा, म्हणजे मुंबईच्या फुटबॉल मैदानावरचा माणूस. मुंबई एफसी त्याने अनेक मोसम सांभाळला होता, २०१६मध्ये ते नातं संपलं आणि तो ऐझॉलला गेला. सोबत मुंबईचा जयेश राणे. गोलमध्ये गोव्याचा अल्बिनो गोम्स. शिवाय ऐझॉलला लीगमध्ये पुन्हा जागा मिळाली तीही गोव्याचे साळगावकर आणि स्पोर्टिंग हे क्लब बाहेर पडले म्हणून. २०११च्या जनगणनेत अख्ख्या मिझोरमची लोकसंख्या अकरा लाखांच्या आत भरली, म्हणजे नाशिक शहरापेक्षा कमी. समोर कोण, तर बागान, ईस्ट बंगाल, बेंगळुरू.

आता फासे काढा. ल्युडोचेच, पण दोन. दोन्हींवर एकदम सहा पडले तर गोल, नाहीतर काही नाही. लहान संघाने ३६ वेळा टाकायचे, मोठ्या संघाने ५८ वेळा. दोन्ही फाशांवर सहा पडण्याची शक्यता ३६त एक, म्हणून लहान संघाचा सरासरी एक गोल होतो आणि मोठ्याचा साधारण १.६. फुटबॉलमध्ये हा फरक चांगलाच मोठा आहे. माझ्या भाच्याने अर्थातच मोठा संघ घेतला. ५८ वेळा फासे खुळखुळवून त्याच्या हाती भोपळा आला. मला तेविसाव्या फेकीला दोन सहा पडले होते. ०-१. त्याने फासे उचलून खिडकीच्या उजेडात धरले आणि एकेक बाजू तपासली.

फाशांत खोट नव्हती. क्वचित घडणाऱ्या गोष्टी मोजल्या की असंच होतं. फ्रेंच गणिती प्वासाँने एकोणिसाव्या शतकात याचं सूत्र मांडलं. पुढे १८९८ साली बोर्टकिएविच नावाच्या संख्याशास्त्रज्ञाने ते एका विचित्र यादीला लावून दाखवलं. प्रशियाच्या सैन्यात घोड्याची लाथ लागून मेलेल्या सैनिकांची ती यादी. दहा तुकड्या, वीस वर्षं, एकूण १२२ मृत्यू. एका तुकडीचं एक वर्ष ही एक नोंद धरली, तर २०० नोंदींपैकी १०९मध्ये एकही मृत्यू नाही, ६५मध्ये एक, २२मध्ये दोन, तिनांमध्ये तीन आणि एकीत चार. सूत्र जवळजवळ हेच आकडे देतं. कुठल्या तुकडीचे घोडे जास्त द्वाड, हे शोधत बसायची गरज नव्हती. गोलही साधारण या लाथांसारखेच पडतात : थोडे, आणि कधी पडतील त्याचा नेम नाही.

आमच्या फाशांच्या सामन्याला हे सूत्र लावलं तर शंभर सामन्यांत मोठा संघ ५१ जिंकतो, २५ बरोबरीत सुटतात आणि लहान संघ २४ जिंकतो. म्हणजे ढळढळीत कमजोर असलेला संघ निम्म्या वेळा हरत नाही. आता गोल दसपट पडतात असं धरा. एकाचे सरासरी दहा, दुसऱ्याचे सोळा. ताकदीचं प्रमाण तेच, पण लहान संघाचे विजय शंभरात दहावर येतात. नशिबाला जितक्या जास्त वेळा कौल लावाल तितकी त्याची लहर कमी चालते. २००६मध्ये बेन-नैम नावाच्या संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी इंग्लंड-अमेरिकेतल्या पाच खेळांच्या लीगचे लाखो निकाल तपासले. त्यात कमी यशस्वी संघाने जास्त यशस्वी संघाला हरवण्याचं प्रमाण फुटबॉलमध्ये सगळ्यांत जास्त निघालं, ४५ टक्क्यांच्या आसपास. बास्केटबॉलमध्ये ते ३६ टक्क्यांच्या घरात होतं.

याच्या उलट दिशेने गेलं तर? सामना आवळून टाकला, दोन्हीकडचे गोल निम्मे केले : ०.८ आणि ०.५. लहान संघाचे विजय शंभरात २४चे २१ होतात, बरोबऱ्या मात्र २५वरून ३९वर जातात. विजयाला तीन आणि बरोबरीला एक गुण धरला तर शंभर सामन्यांत लहान संघाचे गुण ९७चे १०२ होतात. तेवढ्यासाठी कोण एवढा आटापिटा करेल? पण मोठ्या संघाकडे बघा, त्याचे १७८चे १५८ झाले. गोलसमोर दहा जण उभे करून सामना ‘मारणाऱ्या’ संघांना टीव्हीवरचे समालोचक नाकं मुरडतात. मला तो खेळ बघायला आवडतो असं नाही, पण त्यामागची अक्कल कळते. स्वतःचं फार काही न वाढवता समोरच्याचे वीस गुण खायचे. खालिद जमीलचे संघ असेच घट्ट खेळतात, आणि यावर कूपरेजवरही कुरकूर व्हायची.

मित्राचा पुढचा मुद्दा बरोबर होता. ‘एक सामना ठीक आहे. अख्खी लीग?’ लीगमध्ये नशीब विरत जातं हे खरं, पण किती विरतं ते मोजून बघावं. त्या मोसमात दहा संघ होते, प्रत्येकाचे १८ सामने. समजा दहाही संघ ताकदीला तंतोतंत सारखे आहेत. तर प्रत्येकाचे सरासरी पंचवीसेक गुण व्हावेत, पण निव्वळ नशिबाने ते साडेपाच गुणांनी वरखाली हलतात, आणि दहांतल्या सगळ्यांत भाग्यवान संघाकडे मोसमाअखेर ३३च्या आसपास गुण दिसतात. शेवटच्याकडे १६. कुणीच कुणापेक्षा सरस नसताना! त्यावरही विजेत्याच्या जिद्दीवर आणि तळाच्या संघाच्या ढिसाळपणावर लेख छापून येतील. इंग्लंडच्या ३८ सामन्यांच्या लीगमध्ये गुणांच्या मानाने ही हलचल कमी असते, म्हणून २०१६मधलं लेस्टरचं विजेतेपद माझ्या मते ऐझॉलपेक्षा अवघड होतं. सट्टेबाजांनी त्यांना लावलेला पाच हजारास एक हा भाव मात्र हास्यास्पदच. नुकतेच वर चढून आलेले इप्सविच १९६२मध्ये आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट १९७८मध्ये इंग्लंडची तेव्हाची सर्वोच्च लीग जिंकून गेले होते.

आता ऐझॉलचा खरा ताळेबंद. ११ विजय, ४ बरोबऱ्या, ३ पराभव, ३७ गुण. गोल केले २४, खाल्ले १५. दुसऱ्या क्रमांकाच्या बागानचे १० विजय, ६ बरोबऱ्या, २ पराभव, ३६ गुण. गोल २७, खाल्ले १२. बागानने जास्त मारले, कमी खाल्ले, कमी हरले आणि एका गुणाने मागे राहिले. हे गोल प्वासाँच्या सूत्रात घातले आणि ‘अशा संघाला १८ सामन्यांत किती गुण मिळायला हवेत’ असं विचारलं, तर बागानचं उत्तर येतं पावणेछत्तीस. म्हणजे त्यांना त्यांचं माप चोख मिळालं. ऐझॉलचं उत्तर येतं ३१.

हा आकडा पहिल्यांदा निघाला तेव्हा मी गणित तीनदा तपासलं. सहा गुण वरचे. चाहता म्हणून कबूल करायला जड जातं, पण ते सहा गुण दैवाचे होते, आणि १८ सामन्यांत दैव साधारण इतकंच हलवतं. विजेतेपदाच्या आठच दिवस आधी, २२ एप्रिलला, ऐझॉलने घरच्या मैदानावर बागानला १-० हरवलं. झोमिंगलियाना राल्तेचं हेडर, ८३वं मिनिट. चेंडू दोन इंच वर लागला असता तर?

पण मित्राला मी उरलेले ३१ दाखवतो. सहा गुणांचं दान त्या मोसमात दुसऱ्या कुणाच्या पदरातही पडू शकलं असतं. मधल्या फळीतल्या २२ गुणांच्या संघाला ते मिळालं असतं तर त्याचे २८ झाले असते आणि कुणी बातमीही केली नसती. ३१ गुण हे १८ सामन्यांत फक्त १५ गोल खाऊन उभे केलेले आहेत. बचाव रोज सकाळी घोटवावा लागतो. २०१६च्या फेडरेशन कपच्या अंतिम सामन्यात बागानने याच ऐझॉलला ५-० धुतलं होतं, आणि नऊ महिने-वर्षाच्या आत तेच खिंडार बुजवलेलं होतं. शिखरापासून सहा गुणांच्या अंतरावर येऊन थांबायचं, एवढंच माणसाच्या हातात. ते काम कूपरेजवरून आलेल्या माणसाने केलं.

पुढच्या मोसमात जमील ईस्ट बंगालला गेला, बरेच खेळाडू पांगले आणि ऐझॉल तक्त्याच्या मध्यावर आलं. विजेता झाला मिनर्व्हा पंजाब, त्याच्या पुढच्या वर्षी चेन्नई सिटी. दोघेही आदल्या मोसमात तळाकडचे. मित्राने तेव्हाही दोनदा चमत्कार म्हणून घेतलं. तीन वर्षांत तीन.

हल्ली लीग सुरू झाली की मी पहिल्या पाच-सहा सामन्यांनंतर तक्ता उघडतो आणि वरचं नाव न बघता ‘खाल्लेले गोल’ हा रकाना वरून खाली वाचतो. भाच्याने आता लहान संघ मागून घेतलाय. मात्र १८ सामने खेळायचे, अशी त्याची अट आहे.