घाटात टेप बंद करणारा ड्रायव्हर

लहानपणी गोव्यातल्या साखळीहून बेळगावला जाताना चोर्ला घाट लागला की आमचा ड्रायव्हर टेप बंद करायचा. कुणी ‘असू दे हो चालू’ म्हटलं तरी ऐकायचा नाही. पावसात धुकं उतरलं की क्लीनरही गप्प. आवाज फक्त वायपरचा. रस्ता जास्त लक्ष मागू लागला की बाकीची कामं बाजूला ठेवायची, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

रस्ता किती लक्ष मागतो, हे अमेरिकेत जॉन सेंडर्स यांनी मोजून पाहिलं. चालकाच्या हेल्मेटला झडप लावली, ती मधूनमधून डोळ्यांवर पडायची, आणि गाडी खऱ्या महामार्गावर धावत असायची! १९६७ साली हे संशोधन प्रसिद्ध झालं. झडप जास्त वेळ मिटलेली राहिली की चालक वेग कमी करायचा. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी दोन सेकंदांत ३३ मीटर पुढे जाते, हे लक्षात घेतलं की त्याचं कारण कळतं.

फोनचा प्रश्नही मोबाइलपेक्षा जुना आहे. भारतात मोबाइलवरचा पहिला कॉल ३१ जुलै १९९५ चा. पण इंग्लंडमध्ये १९६९ सालीच आयव्हन ब्राउन आणि सहकाऱ्यांनी २४ चालकांना गाडी चालवता चालवता फोनवर प्रश्न विचारले होते. स्टीअरिंगवरचा हात फारसा बिघडला नाही. समोरच्या फटीतून गाडी जाईल की नाही, हा अंदाज मात्र चुकू लागला. पुढे १९९७ साली कॅनडातल्या ६९९ अपघातग्रस्त चालकांची फोनबिलं तपासली, तेव्हा बोलताना धोका सुमारे चौपट निघाला आणि हँड्सफ्रीने तो कमी झाल्याचं दिसलं नाही.

असं असूनही मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीत बोट ठेवलं आहे ते हातात धरलेल्या फोनवर. मला हे अपुरं वाटतं. पणजीत हेल्मेट आणि कान यांच्यामध्ये फोन खोचून बोलत जाणारे दुचाकीस्वार रोज दिसतात. त्यांचे दोन्ही हात हँडलवरच असतात.

मागे बसलेल्या माणसाशी बोलणं वेगळं. पायलटच्या, म्हणजे आमच्याकडच्या मोटरसायकल टॅक्सीवाल्याच्या, मागे बसून रिबंदरच्या कॉजवेवरून जाताना पुढे गुरं आडवी आली, तर ती मलाही दिसतात आणि मी बोलता बोलता थांबतो. फोनवरच्या माणसाला गुरं दिसत नाहीत. तो बोलतच राहतो, आणि त्याला उत्तर हवं असतं.