अतिमासेमारीचे वर्गखेळ

अतिमासेमारीचे वर्गखेळ : अनेकांच्या वापरातील नैसर्गिक संसाधनाचा ऱ्हास कसा होतो व तो कसा टाळता येतो, हे विद्यार्थ्यांना स्वतः निर्णय घ्यायला लावून शिकविण्याची अध्यापनपद्धती. गटाच्या मध्यभागी ठेवलेले भांडे म्हणजे समुद्र, त्यातील मणी, बिया किंवा कागदाचे तुकडे म्हणजे मासे आणि प्रत्येक फेरी म्हणजे मासेमारीचा एक हंगाम, अशी साधारण मांडणी असते. फेरीअखेर उरलेल्या माशांची संख्या ठरलेल्या नियमाने वाढविली जाते. भूगोल, पर्यावरण व अर्थशास्त्र या विषयांच्या अध्यापनात शाळेपासून विद्यापीठापर्यंत हे खेळ वापरले जातात.

खेळाचे शैक्षणिक मोल मुख्यतः पुनर्भरणाच्या नियमावर अवलंबून असते. समजा, ४ खेळाडू आहेत, समुद्राची धारणक्षमता, म्हणजे त्यात जास्तीत जास्त जगू शकणाऱ्या माशांची संख्या, १६ आहे आणि उरलेले मासे प्रत्येक फेरीनंतर दुप्पट होतात, परंतु १६ च्या पलीकडे जात नाहीत. प्रत्येकाने २ मासे घेतल्यास ८ उरतात, त्यांचे पुन्हा १६ होतात आणि हा क्रम कितीही काळ चालू शकतो. प्रत्येकाने ३ घेतल्यास ४ उरतात, पुढील फेरीला ८ मिळतात आणि तेव्हा प्रत्येकी २ घेतले, तरी साठा संपतो. अशा गटातील खेळाडूला दोन फेऱ्यांत ५ मासे मिळतात, तर संयमी गटातील खेळाडूला तेवढ्याच काळात ४ आणि पाच फेऱ्यांत १०. एका माशाचा हा तात्पुरता लाभ खेळातील सर्व मोहाचे मूळ होय. फेऱ्यांची संख्या आधी सांगितल्यास शेवटच्या फेरीत सर्व मासे उचलणे हाच प्रत्येकाला फायद्याचा मार्ग ठरतो. म्हणून ती गुप्त ठेवणे इष्ट.

या नियमानुसार होणारी वाढ साठा निम्मा असताना सर्वाधिक, म्हणजे ८, असते व त्याच्या दोन्ही बाजूंना कमी होत जाते. मत्स्यशास्त्रज्ञ मिल्नर शेफर यांनी १९५४ मध्ये मांडलेल्या मत्स्यसाठ्याच्या गणिती प्रतिमानातही महत्तम शाश्वत उत्पादन (साठा घटू न देता कायम घेता येणारी सर्वाधिक पकड) निम्म्या धारणक्षमतेपाशीच येते. त्यामुळे दुपटीचा नियम ढोबळ असला, तरी शास्त्राला सोडून नाही. त्याचा खरा दोष वेगळा आहे. एकच मासा उरला आणि मासेमारी थांबविली, तर चार फेऱ्यांत समुद्र पुन्हा भरतो. प्रत्यक्षात न्यूफाउंडलंडजवळील उत्तरेकडील कॉड माशांची व्यापारी मासेमारी कॅनडाने जुलै १९९२ मध्ये बंद केल्यानंतर तो साठा कित्येक दशके खालावलेलाच राहिला आणि बंदी २०२४ मध्ये, तीही मर्यादित प्रमाणात, उठविण्यात आली. म्हणून विशिष्ट संख्येखाली साठा गेल्यास वाढ थांबते, असा उंबरठा घालून दिलेले खेळप्रकार अधिक ग्राह्य मानावेत.

या खेळांच्या उगमाविषयी एकवाक्यता नाही. परिस्थितिविज्ञ गॅरेट हार्डिन यांच्या ‘द ट्रॅजेडी ऑफ द कॉमन्स’ (सामायिक संसाधनांची शोकांतिका) या १९६८ च्या निबंधाशी त्यांचा संबंध जोडण्याची प्रथा आहे. परंतु त्या निबंधातील मुख्य दृष्टांत प्रत्येकाने जास्त गुरे सोडल्याने उजाड होणाऱ्या सामायिक कुरणाचा असून तो अर्थशास्त्रज्ञ विल्यम फॉर्स्टर लॉइड यांच्या १८३३ मधील व्याख्यानांपर्यंत मागे जातो. मासेमारीपुरता विचार केल्यास अर्थशास्त्रज्ञ एच. स्कॉट गॉर्डन यांचा १९५४ चा लेख अधिक जवळचा ठरतो. प्रवेश सर्वांना खुला असेल, तर नवी जहाजे येत राहतात आणि खर्च उत्पन्नाइतका होऊन सर्व नफा विरून जातो, असे त्यांनी दाखविले. खेळाच्या रूपात ही कल्पना बहुधा १९७० च्या दशकात आली असावी. ज्युलियन एडनी यांनी १९७९ मध्ये वर्णन केलेल्या खेळात भांड्यात लोखंडी नट ठेवलेले असत व ठरावीक सेकंदांनी उरलेल्यांची संख्या दुप्पट केली जाई. त्यात मासे नसले, तरी आजच्या वर्गखेळांची रचना तीच आहे. डेनिस मेडोज यांचा ‘फिश बँक्स’ हा १९८० च्या दशकातील खेळ गुंतागुंतीचा आहे. त्यात गट मासेमारी कंपन्या चालवितात व जहाजे खरेदी करतात, त्यामुळे साठा घटू लागल्यावरही गुंतविलेले भांडवल माघार घेऊ देत नाही, हे स्पष्ट होते.

खेळाचा अर्थ कसा लावावा, यावरही मतभेद आहेत. खेळाडूंना बोलण्याची मनाई असेल, तर अनेक गटांत साठा लवकर संपतो व सामायिक मालकी अटळपणे विनाशाकडे नेते, असा निष्कर्ष विद्यार्थी काढतात. हा निष्कर्ष सदोष आहे, कारण असा खेळ कोणालाही मज्जाव नसलेल्या मुक्त प्रवेशाचे चित्र उभे करतो, तर सामायिक मालमत्तेला सभासद व नियम असतात. स्वतः हार्डिन यांनीही आपल्या निबंधात सामायिक संसाधनांना ‘अनियंत्रित’ हे विशेषण न लावल्याची चूक १९९८ मध्ये मान्य केली. सामायिक संसाधनांच्या अभ्यासक एलिनॉर ऑस्ट्रॉम आणि त्यांचे सहकारी जेम्स वॉकर व रॉय गार्डनर यांच्या १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत केवळ परस्परांशी बोलू दिल्यानेही उत्पन्न वाढले. दंडाची व्यवस्था खेळाडूंनी स्वतः स्वीकारल्यास परिणाम आणखी चांगला झाला. तुर्कस्तानातील अलान्या येथील मच्छीमारांची पद्धत ऑस्ट्रॉम यांनी उदाहरणादाखल दिली आहे. तेथे हंगामाच्या आरंभी चिठ्ठ्या टाकून जाळी लावण्याच्या जागा वाटल्या जात आणि पुढे प्रत्येक जण रोज शेजारच्या जागेवर सरके, त्यामुळे चांगली जागा प्रत्येकाच्या वाट्याला येई.

म्हणून पहिला डाव मूकपणे, दुसरा चर्चेची मुभा देऊन आणि तिसरा विद्यार्थ्यांनीच केलेल्या नियमांनुसार खेळविणे श्रेयस्कर. तिन्ही डावांतील एकूण पकड फळ्यावर शेजारी-शेजारी मांडावी आणि चर्चेसाठी खेळाइतकाच वेळ राखून ठेवावा. लहान वयोगटात चार-पाच फेऱ्या पुरेशा होतात.